दहा लिटरची शिफारस आणि वीस लिटरचा पंप: विद्यापीठातील संशोधन गावाच्या कामी कसे येते

यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कापसावर फवारणी करणाऱ्या मजुरांना होणारी विषबाधा हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. प्रबंध मान्य झाला, दोन शोधनिबंध छापून आले. त्यानंतर त्यांनी अभ्यासातल्या गावात कार्यशाळा घेतली, माहितीपत्रके वाटली, हातमोजे आणि मास्क असलेली सुरक्षा किट दिली. पुढच्या हंगामात ते पुन्हा त्या गावात गेले, तेव्हा तेच मजूर साध्या बनियनवर, तोंडाला फडके न बांधता फवारताना दिसले. संशोधन समाजापर्यंत पोचवण्यासाठी आपण आणखी काय करायला हवे, असे ते विचारतात. अहवालातल्या ‘सामाजिक परिणाम’ या रकान्यात काय लिहावे आणि अशा कामाचे मूल्यांकन कसे करावे, हेही त्यांनी ओझरते विचारले आहे.

सर, कृषी विस्ताराच्या कामात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवातून सांगतो की तुमची मेहनत कुठेही कमी पडलेली नाही. अडचण ‘पोचवणे’ या शब्दात आहे. निष्कर्ष तयार झाला, आता तो गावात नेऊन द्यायचा, असे आपण गृहीत धरतो आणि नेऊन दिला की काम झाले असे समजतो. माझ्या समजुतीप्रमाणे संशोधकाने स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: माझ्या निष्कर्षामुळे कोणत्या माणसाचा, कोणत्या दिवशीचा, कोणता निर्णय बदलणार आहे? या तीन गोष्टी ठरल्याशिवाय पत्रक छापायला देऊ नये. कॅनडासारख्या देशांत या कामाला ‘नॉलेज मोबिलायझेशन’ म्हणतात आणि संशोधनासाठी पैसे देणाऱ्या संस्था अर्जाच्या वेळीच त्याचा आराखडा मागतात. आपल्याकडे त्याला विस्तार म्हणतात आणि तो बहुधा प्रबंध संपल्यावर आठवतो.

मला हे कसे कळले ते सांगतो, कारण तो प्रसंग तुमच्याच विषयातला आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावे लागले. त्यानंतर आम्ही गावोगाव जाऊन शिफारशींची पत्रके वाटत होतो. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये एका शिवारात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी एका मजुराजवळ थांबलो. कपाशी त्याच्या छातीच्या वर गेलेली होती. निळ्या ड्रममध्ये पाणी होते, शेजारी औषधाच्या दोन बाटल्या आणि पीकवाढीचे एक ‘टॉनिक’. त्याने बाटलीचे टोपण काढले, दोन टोपणे औषध पंपात ओतले, दुसऱ्या बाटलीतून एक, आणि टॉनिक अंदाजाने. माझ्या हातातल्या पत्रकावर ‘१० लिटर पाण्यात इतके मिली’ असे अगदी अचूक छापलेले होते. त्याच्या बॅटरीच्या पंपाच्या अंगावर २० असा आकडा होता. मी विचारले, माप कसे धरता? तो म्हणाला, “दुकानदारानं सांगतलं तसंच करतो भाऊ, एका पंपाले दोन टोपनं.” त्या टोपणात किती मिली मावते हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

शिफारस चुकीची नव्हती. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी वर्षानुवर्षे दहा लिटर पाण्याच्या प्रमाणातच दिल्या जातात, शास्त्रीयदृष्ट्या ते योग्यच आहे. पण धुऱ्यावर दहा लिटर नावाची वस्तूच नव्हती. तिथे पंप होता आणि टोपण होते. कुठे पंप १६ लिटरचा, कुठे २० चा, तर पेट्रोलवर चालणारा असेल तर पाणी कमी लागते म्हणून त्यातले औषधाचे प्रमाण निराळे. एवढा गुणाकार भर उन्हात, ओल्या हातांनी करण्याची अपेक्षा आम्ही अशा माणसाकडून ठेवली होती, ज्याची मजुरी किती पंप मारले यावर ठरते. तुमच्या पत्रकावर काय छापले होते ते मला माहीत नाही, पण ते एकदा या नजरेने पाहा.

आता तुमच्या निष्कर्षांकडे येऊ. फवारणीच्या दिवशी मुख्यतः चार निर्णय होतात: कोणते औषध घ्यायचे, किती औषधे एकत्र करायची, दिवसाच्या कोणत्या वेळी फवारायचे आणि अंगावर काय घालायचे. यातले पहिले दोन निर्णय कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर होतात, आणि शेतकऱ्याची उधारी त्याच दुकानात असेल तर त्यात त्याचाही फारसा आवाज उरत नाही. तिसरा निर्णय शेतमालकाचा असतो. पंपामागे मजुरी ठरली की मजूर दुपारच्या उन्हातही थांबत नाही, कारण थांबला तर पैसे बुडतात. राहिला चौथा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात, उंच वाढलेल्या आणि वारा न शिरणाऱ्या कपाशीत, पाठीवर वीस लिटरचे ओझे घेऊन प्लास्टिकचा कोट घालून कोणी तासभर चालून पाहावे, म्हणजे तो निर्णयही पूर्णपणे मजुराच्या हातात नाही हे कळेल. तुम्ही कार्यशाळेत मजुरांना बोलावले. ज्या माणसाच्या हातात चारपैकी जेमतेम अर्धा निर्णय आहे, त्यालाच आपण सगळे ज्ञान दिले.

म्हणून माझा पहिला ठोस सल्ला असा की तुमचे संशोधन काउंटरवर न्या. कीटकनाशके विकण्याचा परवाना १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली मिळतो आणि विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने आखलेला ‘देसी’ नावाचा ४८ आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे, ज्यात ४० वर्ग आणि ८ क्षेत्रभेटी असतात. आपल्या भागातही हे वर्ग चालतात. त्यातला एक वर्ग आणि एक क्षेत्रभेट मागून घ्या. तिथे बसलेले चाळीसेक दुकानदार म्हणजे तुमच्या तालुक्यातली कित्येक गावे असतात. त्यांच्याकडे फक्त दोन गोष्टी मागा. गिऱ्हाइकाला ‘तुमचा पंप किती लिटरचा’ हे विचारून बाटलीवर जाड पेनने ‘एका पंपाला इतके मिली’ असे मराठीत लिहून द्यावे आणि सोबत मिलीच्या खुणा असलेले माप द्यावे. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग बोट ठेवून दाखवावा, कारण लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य, ही खूण वाचता न येणाऱ्यालाही कळते. आम्ही हे सांगायला लागलो तेव्हा काही दुकानदारांनी ते आनंदाने उचलले, कारण २०१७ नंतर तेही धास्तावलेले होते. धंद्याच्या विरोधात न जाणारी आणि त्यांची काळजी कमी करणारी गोष्ट माणसे लवकर उचलतात, हे त्या वेळी मी पाहिले.

वेळेविषयी थोडे परखड बोलतो. तुमची कार्यशाळा फेब्रुवारीत झाली असेल असा माझा अंदाज आहे, कारण निधी मार्चपूर्वी खर्च करावा लागतो आणि महाविद्यालयांचे जवळजवळ सगळे विस्तार कार्यक्रम त्याच सुमारास उरकले जातात. फेब्रुवारीत पंप आढ्याला टांगलेला असतो. फवारणीची गोष्ट पोळ्याच्या मागेपुढे सांगायची असते. बियाण्याची गोष्ट मृगाच्या आधी सांगायची असते, आणि ग्रामपंचायतीच्या आराखड्यात काही घालायचे असेल तर तो आराखडा ज्या ग्रामसभेत ठरतो त्या ग्रामसभेआधी. संशोधनाच्या अर्जात पहिल्याच दिवशी गावाचे कॅलेंडर जोडा आणि खर्चाची तरतूद त्याप्रमाणे मागा. प्राचार्यांशी यावरून वाद घालावा लागला तर घालावा.

याच्या पुढची अडचण जास्त खोल आहे. काही निर्णय एकट्या माणसाने बदलून उपयोगाचे नसतात. गुलाबी बोंडअळीचे उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर आहे. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेला बीटी कापूस २००२ मध्ये आला, त्याची दुसरी पिढी २००६ मध्ये आली, आणि २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळीने तिलाही दाद देणे बंद केल्याचे विदर्भाने सोसले. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांचा सल्ला तेव्हापासून स्पष्ट आहे: हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावा, डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुले) दिसल्या की तोडून नष्ट करा, डिसेंबरअखेर पीक संपवा आणि फरदड (हंगाम संपल्यावरही तीच झाडे राखून घेतलेले पीक) ठेवू नका. हे गावातल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे. तरीही ओलिताची सोय असलेला शेतकरी फरदड ठेवतो, कारण त्याला उन्हाळ्यात चार पैसे हवे असतात, आणि आपण मोडली तरी शेजारच्याची उभीच राहणार असेल तर आपलेच नुकसान का करायचे, हा त्याचा हिशेब अजिबात चुकीचा नाही. पतंग बांध ओळखत नाही. इथे निर्णयाचे एकक शेत नसून शिवार आहे आणि त्यात कापसापासून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगचे आवारही येते, कारण सरकीतून निघणारे पतंग तिथूनच पुढच्या हंगामात शिरतात. अशा ठिकाणी वैयक्तिक प्रशिक्षण कितीही उत्तम दिले तरी व्यर्थ जाते. शिवार एकत्र बसेल अशी बैठक घडवून आणणे हेच तिथे ज्ञानाचे काम ठरते.

याउलट काही ज्ञान हाताला धरून न चालवताही पसरते. सोयाबीनची घरच्या घरी करायची उगवण चाचणी पाहा. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे आणि आठवडाभराने किती उगवले ते मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणे चांगले, कमी आले तर पेरताना प्रमाण वाढवायचे, फारच कमी आले तर ते बियाणे बाजूला ठेवायचे. २०२० मध्ये राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यानंतर ही चाचणी घरोघर गेली. ती का गेली याचा मी बराच विचार केला आहे. तिला खर्च नाही. निकाल स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही. आणि निकाल निर्णयाच्या आधी हाती येतो, पेरणीला अजून दिवस असतात. बहुतेक घरांत ही गुंडाळी बाईच सांभाळते, त्यामुळे बचत गटाच्या बैठकीत एकीने सांगितले की पाच घरांत होते. आपल्या निष्कर्षाला हे गुण देता येतील का, हे प्रत्येक संशोधकाने तपासावे. बहुतेकदा थोडेफार देता येतात, फक्त त्यासाठी निष्कर्षाचे रूप बदलावे लागते.

रूप बदलणे म्हणजे सोपे करून सांगणे असा अर्थ कृपया घेऊ नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही आरोग्यसेवा आणि संशोधनाची संस्था सुरू केली, तिथल्या कामाचा मी विद्यार्थ्यासारखा अभ्यास केला आहे. बालकांच्या न्यूमोनियाचे निदान श्वासांच्या वेगावरून होते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल तर तो धोक्याचा. आता ज्या दाईला शंभरापर्यंत अंक येत नाहीत तिने हे कसे करायचे? त्यांनी मण्यांचे साधन तयार केले. ठराविक श्वासांना एक मणी सरकवायचा आणि मिनिट संपायच्या आत धोक्याच्या मण्यापर्यंत पोचलो तर उपचार सुरू करायचे. यात शास्त्र एका कणानेही पातळ झाले नाही. अंक मण्यांत गेला, इतकेच. माझ्या मते आपल्या राज्यातले ज्ञान कामी लावण्याचे याहून सुंदर उदाहरण नाही.

त्याच कामातून काळाचाही अंदाज येतो. डॉ. राणी बंग यांचा दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि एकूण स्त्रियांपैकी जेमतेम ८ टक्क्यांची पूर्वी कधी तपासणी झालेली होती. माता-आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण, ही समजूत त्या आकड्यांनी हलवली. नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग ३९ गावांत झाला, तुलनेसाठी ४७ गावे होती, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आशा कार्यकर्तींमार्फत हीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली ती २०११ मध्ये. म्हणजे सिद्ध झालेली, जगाने मानलेली गोष्ट धोरणात उतरायला बारा वर्षे लागली, आणि तीही माणसे तिच्या मागे सतत उभी होती म्हणून. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या शेवटच्या तिमाहीत ‘सामाजिक परिणाम’ या रकान्यात काय लिहावे, ही तुमची घालमेल मी समजू शकतो. पण स्वतःला दोष देऊ नका.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते तिच्याकडे येतो. आपल्या गावांतून माहिती बाहेर जाते आणि परत येत नाही. शेतकरी आत्महत्यांनंतर विदर्भात इतकी सर्वेक्षणे झाली की काही घरांना प्रश्नावलीचा क्रम पाठ झाला असेल. एकदा एका ओसरीवर मी फॉर्म काढला, तेव्हा आतून एक आजी पाणी घेऊन आल्या आणि अगदी साधेपणाने म्हणाल्या, “बापू, मांगच्या वर्षीबी कोनीतरी लिवून नेलं होतं. त्याचं काय झालं?” मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून मी माझ्यासाठी एक नियम केला आहे: निष्कर्ष नियतकालिकाकडे जाण्याआधी ज्यांनी माहिती दिली त्यांच्यासमोर जातील, त्यांच्याच मंदिरासमोर किंवा समाजमंदिरात, आणि कोणाचेही नाव किंवा घर ओळखू येणार नाही अशा रीतीने. या बैठकांतून संशोधनातल्या चुकाही सापडतात. तुम्ही तुमचे आकडे मजुरांपुढे मांडाल तेव्हा तुम्हाला न सुचलेली कारणे तेच सांगतील. वारा फिरतो तेव्हा ओळ कशी बदलतात, नोझल तुंबले की तोंडाने का फुंकतात, हे मला अशाच बैठकीत कळले.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने यासाठी एक पद्धत घडवली आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सर्वपरिचित आहे, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक आहे. तिथे अभ्यास गट आणि ग्रामसभा वेगवेगळ्या आहेत. अभ्यास गटात बाहेरचा जाणकार येऊ शकतो, बोलू शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. विद्यापीठातल्या माणसाची जागा यातून नेमकी कळते. आपण अभ्यास गटात बसावे आणि निर्णयाच्या वेळी उठून जावे. तुमच्या गावात असा गट नसेल तर मजूर, शेतमालक, दुकानदार, आशाताई, कृषी सहायक आणि पोलीस पाटील अशा आठ-दहा जणांना महिन्यातून एकदा बसवा. फक्त मजूर आणि मालक यांना पहिल्या बैठकीला एकत्र बसवू नका. मालकासमोर मजूर मजुरीबद्दल बोलत नाही आणि तुमच्या प्रश्नाचे मूळ तर मजुरीतच आहे.

मूल्यांकनाबद्दल तुम्ही ओझरते विचारले आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात कार्यक्रमांची आणि उपस्थितांची संख्या लागते, ती द्यावी. स्वतःसाठी मात्र वेगळी वही ठेवा: किती दुकानांत बाटलीवर मिली लिहून मिळते, किती मजुरांनी एकाहून जास्त औषधे मिसळायला नकार दिला, कोणत्या मालकाने दुपारी काम थांबवले आणि मजुरी कापली नाही. एक धोक्याची सूचना देतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत पहिल्या वर्षी विषबाधेचे रुग्ण वाढलेले दिसतील. एरवी घरीच ताक पिऊन पडून राहणारा माणूस डोके जड झाले, मळमळले, की बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जाऊ लागला, तर आकडा वाढणारच, आणि ती तुमच्या कामाची पहिली चांगली खूण असेल. वरिष्ठांना हे आधीच लेखी कळवून ठेवा, नाहीतर त्याच आकड्यावरून काम बंद पाडले जाईल.

यंदासाठी एवढेच करा. जूनमध्ये गावातले वीस पंप पाहा आणि प्रत्येकाचे लिटर लिहून घ्या. ज्या दोन-तीन दुकानांतून गाव औषध घेते तिथल्या नेहमीच्या बाटल्यांची टोपणे आणा आणि प्रयोगशाळेतल्या मापाने प्रत्येक टोपणात किती मिली मावते ते मोजा. तो तक्ता घेऊन जुलैत आधी मजुरांकडे आणि नंतर दुकानदारांकडे जा. पोळ्यानंतर आठवड्यातून एक सकाळ धुऱ्यावर घालवा, हातात पत्रक न घेता. दिवाळीनंतर जमलेले घेऊन या, आपण बसून पुढचे ठरवू.